उणे ऐंशीत अठरा वर्षं

होय, जुना आहे मी. रंग उडालाय, मागचं एक चाक तुटलंय, तिथं विटेचा तुकडा लावलाय, आणि मी चालू झालो की माझी घरघर दोन खोल्या पलीकडं ऐकू जाते. पण मित्रांनो, घरघरतो म्हणजे संपला, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आधी माझ्या आतला काटा बघावा आणि मग बोलावं. मी फ्रीझर आहे. कुल्फी ठेवायचा नव्हे. माझ्या पोटात शून्याच्या खाली ऐंशी अंश थंडी असते, म्हणून प्रयोगशाळेत माझं नावच 'उणे ऐंशी' पडलं. परीक्षेत कुणाला असे मार्क पडले तर घरी तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मला मात्र या नावाचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

मला घडवलं परदेशातल्या एका कारखान्यात. जहाजातून आलो आणि पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पहिली सहा वर्षं काढली. तिथं माझी मोठी बडदास्त होती. रोज कुणीतरी पुसायचं, पाहुणे आले की मला दाखवायचे. मग माझ्यापेक्षा उंच आणि कमी आवाज करणारा एक नवा आला, आणि मी एका दिवसात अडगळ झालो. टेम्पोत घालून मला लोणावळ्याला धाडलं, वळवणच्या बाजूच्या एका लहानशा संशोधन संस्थेत. इथल्या धुक्यात याच्या बिजागऱ्या गंजणार, असं टेम्पोवाला म्हणाला होता. गंजल्या थोड्या. त्यावाचून माझं काही अडलं नाही.

मला उतरवून घ्यायला एक बाई स्वतः दारात उभ्या होत्या. डॉ. अश्लेषा, सगळ्यांच्या मॅडम. तळेगावच्या, शिक्षकाच्या घरातल्या, परदेशात सात वर्षं आरएनएवर काम करून नुकत्याच परतलेल्या. मोठ्या शहरातली चांगली जागा सोडून त्या इथं आल्या म्हणून त्यांचे जुने सर चिडले होते. "लोणावळ्यात चिक्की मिळते, संशोधन मिळत नाही," असं त्यांनी फोनवर सुनावलं. "मग चिक्की खात खात करीन, सर," मॅडम म्हणाल्या आणि शांतपणे फोन ठेवला. मी नुकताच भिंतीला टेकलो होतो. मनात म्हटलं, हिच्याशी आपलं जमणार.

आता आरएनए म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर माझी ही सगळी थंडी कशासाठी ते तुम्हाला कळायचं नाही. तुमच्या पेशीत डीएनए असतो. ती आईची पाककृतींची जाड वही समजा. ती वही कुणी चुलीपाशी नेत नाही; हवी तेवढी कृती चिठ्ठीवर उतरवून घ्यायची आणि कामाला लागायचं. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. काम झालं की चिठ्ठी फाटते, आणि ती फाटायलाच हवी. पण संशोधकाला ती फाटायच्या आधी वाचायची असते, आणि ती इतकी नाजूक की बोटाच्या नुसत्या घामानं तिच्या चिंध्या होतात. म्हणून हातमोजे आणि म्हणून मी. माझ्या थंडीत ती जशीच्या तशी थिजून राहते.

मॅडम ज्या आजाराच्या मागे लागल्या होत्या त्याचं नाव मायोटोनिक डिस्ट्रॉफी. नाव ऐकूनच माणूस निम्मा आजारी पडावा. या आजारात चिठ्ठीवर तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा उमटतात. ती लांबलचक चिठ्ठी फाटतच नाही. तिचा गुंता होतो, आणि बाकीच्या चिठ्ठ्या नीट लावणारे पेशीतले कामकरी त्या गुंत्यात अडकून पडतात. मग माणसानं हातानं काही घट्ट धरलं की हात लवकर उघडत नाही. चाळिशीत मोतीबिंदू होतो, हातापायांतली ताकद जाते, हृदयाचे ठोके चुकतात. आईबापांकडून मुलांकडे चालत जाणारा आजार आहे हा, आणि आजही त्यावर मुळापासून उपाय सापडलेला नाही.

कामशेतच्या एका डॉक्टरांनी मॅडमना सांगितलं होतं की वडिवळ्याच्या बाजूनं तरुण वयात मोतीबिंदू झालेली माणसं जरा जास्तच येतात. मॅडमनी लगेच छापील फॉर्म केला. त्यातला महत्त्वाचा प्रश्न होता, 'मूठ सोडताना अडचण येते का?' वडिवळ्यातल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या घराघरांत जाऊन फॉर्म भरून आणले. दोनशे चाळीस माणसं, आणि दोनशे चाळीसांचं एकच उत्तर: न्हाई. एकालाही अडचण नव्हती. मॅडमनी ते गठ्ठे माझ्या डोक्यावर ठेवले आणि पाच-सहा महिने त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला त्या कागदांचा रागच आला होता.

मग एका हिवाळ्याच्या सकाळी शालूबाई आल्या. आमच्या प्रयोगशाळेत कामशेतचा कैलास मदतनीस होता, त्याची ही लांबच्या नात्यातली मावशी, वडिवळ्याची. लग्नाची पत्रिका द्यायला म्हणून आली होती. कैलासच्या दोन्ही हातांत नळ्यांचे ट्रे होते. तो म्हणाला, "मावशे, जरा दार वढून धर." शालूबाईंनी माझा गारठलेला दांडा घट्ट धरला आणि दार उघडलं. कैलासनं ट्रे आत ठेवले. "हां, लाव आता," तो म्हणाला. दार काही लागेना.

"अगं सोड की."

"सुटंना. हात रुसलाय. जरा दम धर, सुटंल आपसूक."

दार जास्त वेळ उघडं राहिलं की मी बोंब ठोकतो. ठोकली. वरचा लाल दिवा लागला, घंटा वाजली आणि मॅडम धावत आल्या. कैलासला चांगलं फैलावर घेणार होत्या, पण त्यांची नजर शालूबाईंच्या बोटांवर गेली. ती बोटं एकेक करून, मनाविरुद्ध काही करावं तशी सावकाश उघडत होती. मित्रांनो, मी मॅडमना माझी थंडी विसरताना पाहिलं. दार उघडंच होतं आणि त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"हे असं कधीपासून होतं?" मॅडमनी विचारलं.

"व्हतंच की पयल्यापासनं. आमच्या घरात समद्यांचाच हात रुसतो. माझा, माझ्या भावाचा, त्याच्या पोरीचा. थंडीत लय. दोन-चारदा उघडमीट केली की येतो ताळ्यावर."

"पण मावशी, फॉर्ममध्ये विचारलं होतं ना, मूठ सोडताना अडचण येते का? तुमच्या घरानंही 'नाही' सांगितलंय."

शालूबाई म्हणाल्या, "मूठ सोडायला कसली आलीय अडचण? बंध वढला की सुटली. ल्हान पोरबी सोडंल."

कैलासनं कपाळावर हात मारला. मावळात भाताची रोपं उपटली की त्यांची जुडी बांधतात, आणि त्या जुडीला म्हणतात मूठ. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी खाचरात उभं राहून बाया दिवसभर मुठी सोडत असतात. फॉर्मवरचा प्रश्न वाचून दोनशे चाळीस माणसांनी भाताच्या रोपांबद्दल अगदी खरं उत्तर दिलं होतं. तळेगावची शाळामास्तरांची मुलगी, परदेशी शिकून आलेली, आणि कामशेतपासून हाकेच्या अंतरावर तिची भाषा हुकली. मॅडम खाली स्टुलावर बसल्या आणि एकट्याच हसत राहिल्या. मग त्यांनी माझं दार लावलं, माझ्या डोक्यावरचे गठ्ठे उतरवले आणि पहिल्या पानावर 'मूठ' खोडून लिहिलं, 'हात रुसतो का?'

या वेळी एकतीस माणसं सापडली.

त्यातला पहिला आला विठ्ठल, शालूबाईंचा धाकटा भाऊ. उंचापुरा, थट्टेखोर. रक्त देताना म्हणाला, "मॅडम, ह्यातलं थोडं परत मिळंल का, मला बी लागतंय." त्याच्या रक्ताची पहिली नळी माझ्या सगळ्यांत वरच्या कप्प्यात बसली. दरवर्षी दिवाळीनंतर ती एकतीस माणसं यायची आणि माझा एकेक कप्पा भरत जायचा. एकाच गोतावळ्यातली माणसं, अठरा वर्षं, दरसाल. आजार सुरू होण्याआधी आरएनए कसा होता आणि नंतर तो कसा बिघडत गेला हे सांगणारी अशी साखळी दुसरीकडं कुठं नव्हती, असं मॅडम म्हणायच्या. मी काही शिकलेला नाही, पण माझ्या पोटात काय आहे एवढं मला कळत होतं.

बाहेरच्या लोकांना ते कळायला वेळ लागला. मॅडमचे लेख तीनदा परत आले. लेख तपासणाऱ्या एकानं लिहिलं, इतक्या लहान ठिकाणी नमुने नीट जपले असतील यावर विश्वास बसत नाही. तो कागद मॅडमनी माझ्या दारावर चिकटवला. रोज सकाळी तो वाचायच्या आणि कामाला लागायच्या. चौथ्यांदा पाठवलेला लेख छापून आला तेव्हासुद्धा त्यांनी तो काढला नाही. खरं सांगतो, तो माझा अपमान होता आणि मी तो वर्षानुवर्षं छातीवर मिरवला.

परीक्षाही कमी झाल्या नाहीत. पाच वर्षांपूर्वी, ऑगस्टातल्या एका शनिवारी, झाड पडून विजेच्या तारा तुटल्या. जनरेटरच्या खोलीत पाणी शिरलं. मी गप्प झालो. आता थंडी टिकवायची तर कोरडा बर्फ हवा, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ज्यातून धुरासारखी वाफ निघते; आणि तो मिळणार पिंपरीला. भुशी धरण बघायला निघालेल्या पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, म्हणून कैलास बर्फाची दोन खोकी घेऊन लोकलनं निघाला. देहूरोडला खोक्यांतून धूर येताना बघून एका लष्करातल्या गृहस्थानं त्याला खाली उतरवलं. इतक्या लष्करी डेपोंच्या गावात धुराचं खोकं घेऊन फिरतो म्हणजे काय. "साहेब, बर्फ आहे," असं कैलास सांगतोय आणि बर्फातून धूर येतो हे कुणाला पटत नाही. शेवटी हातमोजा घालून खोकं उघडून दाखवलं तेव्हा सुटका झाली. पण त्यात दीड तास गेला. तो पोहोचला तेव्हा माझ्या वरच्या कप्प्याचा काटा उणे शेहेचाळीसवर आला होता. मी दारं घट्ट मिटून होतो, मित्रांनो. माझ्याकडून जेवढं झालं तेवढं केलं. पण ते पुरलं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

विठ्ठल त्याच्याही चार वर्षं आधी गेला होता, शेतातून परत येताना, हृदय बंद पडून. त्याची ती पहिली नळी त्याच वरच्या कप्प्यात होती.

मग यंदा नवे संचालक आले, गोपाळकृष्ण सर. माणूस वाईट नाही, सांगून ठेवतो. पण संस्थेची नवी इमारत झाली होती आणि नियम ठरला होता: दहा वर्षांहून जुने नमुने नष्ट करायचे आणि जुनी यंत्रं तिथं न्यायची नाहीत. ते माझ्यासमोर उभे राहून मॅडमना म्हणाले, "तुमची निष्ठा मला मान्य आहे. पण आरएनए अठरा वर्षं टिकतो? आणि या घरघऱ्यात? त्यातून मध्ये वीज गेलेली. आत नुसता चिखल असेल."

"तुम्ही उघडून पाहिलंत?" मॅडमनी विचारलं.

"पाहायची गरज वाटत नाही."

"मला वाटते. तुम्हाला हवी ती नळी तुम्हीच काढा. तिच्यातला आरएनए तुटलेला निघाला, तर सगळे नमुने मी माझ्या हातानं नष्ट करीन आणि तसं लिहून देईन. शाबूत निघाला, तर एकही नळी टाकली जाणार नाही."

चारशे सत्तर नळ्या. त्यांतल्या आठ माणसांकडून पुन्हा रक्त मिळणार नव्हतं, कारण ती माणसंच उरली नव्हती. मॅडमची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. उभ्या आयुष्याचं काम त्यांनी एका नळीवर लावलं, आणि ती नळी जपली होती मी. माझा कॉम्प्रेसर त्या क्षणी एवढा जोरात धडधडला की सर दचकले.

सरांनी नेमकी सर्वांत जुनी नळी काढली. विठ्ठलची. वरच्या कप्प्यातली.

शालूबाईंना कैलासनं कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलनं त्या हजर. आता साठी उलटलेली, हात बराच थकलेला, जिना चढताना कैलासचा खांदा लागतो. सर अदबीनं म्हणाले, "मावशी, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल, वेळ लागेल."

"भावाचं रगत हाय. मी हितंच बसनार," शालूबाई म्हणाल्या आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

मॅडमच्या हाताखाली संशोधन करणारा धवल हातमोजे घालून काम करत होता. नळीतल्या थोड्याशा रक्तातून आरएनए वेगळा करायचा आणि मग तो एका छोट्या यंत्रात घालायचा. ते यंत्र पडद्यावर रेघ काढतं. आरएनएचे तुकडे झालेले असतील तर सुरुवातीलाच नुसता ढिगारा दिसतो आणि पुढे सगळं सपाट. शाबूत असेल तर पुढे दोन उंच सुळके उठतात. शिवाय दहापैकी एक आकडा येतो. सहाच्या खाली गेलं तर खेळ संपला. रेघ सुरू झाली. सुरुवातीला थोडा उंचवटा दिसला आणि सर हलकेच खाकरले. मग रेघ खाली आली आणि सपाट चालत राहिली. मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. माझ्या जन्मात मी इतका गप्प बसलो नव्हतो.

रेघ चढली. एक सुळका. मग खाली येऊन पुन्हा चढली, पहिल्याहून उंच.

शालूबाई पुढे वाकून पडद्याकडं बघत होत्या. मग बोटानं दाखवत म्हणाल्या, "ह्यो लोहगड. आन त्यो इसापूर." मावळातले शेजारशेजारचे दोन किल्ले, दुसरा पहिल्याहून उंच.

आकडा आला: सात पूर्णांक आठ.

धवलनं तो मोठ्यानं वाचला, पुन्हा वाचला. कैलास तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. मॅडमनी कुणालाही काही सुनावलं नाही. त्यांच्यापाशी सुनावण्यासारखं पुष्कळ होतं, तरी नाही. सरांनी चष्मा काढून पडदा जवळून पाहिला आणि म्हणाले, "मी चुकलो होतो. नव्या इमारतीत या नमुन्यांसाठी वेगळी खोली राहील." हे तोंडावर म्हणायला माणसात दम लागतो, म्हणून मी त्यांना वाईट म्हणत नाही.

शालूबाईंना तो आकडा कळला नव्हता. त्यांनी मॅडमचा हात धरला आणि विचारलं, "म्हंजे इट्टलाचं रगत अजून धड हाय?"

"हो, मावशी. अगदी धड आहे. त्यानं दिलेल्या रक्तातून पुढच्या मुलांच्या औषधाचा शोध लागू शकतो."

"मंग त्यो अजून कामाला जातोय म्हना की," शालूबाई म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. नऊ वर्षांपूर्वी विठ्ठल गेल्याचं सांगायला आल्या होत्या, तेव्हा त्या रडल्या नव्हत्या.

मागच्या आठवड्यात चारशे सत्तर नळ्या नव्या फ्रीझरमध्ये गेल्या. कैलासनं एकेक उचलली, मॅडमनी एकेक नाव वाचलं. एकही कमी भरली नाही. मग माझी वायर काढली आणि माझ्या दारावर एक कागद आला: 'निर्लेखित'. सरकारी शब्द आहे. ज्याचं नाव यादीतून काढलं तो निर्लेखित. उद्या-परवा भंगारवाला येईल. मॅडमनी माझ्यासाठीही भांडायची तयारी केली होती, पण माझा कॉम्प्रेसर खरंच थकलाय, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत आहे.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला ती नको आहे. मी थंडी धरायला आलो होतो आणि अठरा वर्षं धरली, वीज नव्हती तेव्हाही. काढा माझं नाव यादीतून. एकतीस नावं जागेवर आहेत. जुन्याला कधीच टाकू नका, असंही मी म्हणणार नाही. जुनं व्हावं, जावं, त्यात लाज नाही. पण टाकण्याआधी दार उघडा. 'आत चिखल असेल' असं उंबऱ्यावरूनच बोलणारा कितीही मोठा असो, त्याचं ऐकू नका. नळी काढा, तपासा, पडदा बघा. आत कुणाचा तरी भाऊ असेल आणि तो अजून कामावर असेल.